पॅटर्नचा बाप

'आदर्श' हा शब्द हल्ली भाषणांत आणि शिक्षक दिनाच्या पुरस्कारांत उरलाय. एखाद्या गोष्टीचं खरोखर अनुकरण करायचं असेल तर मराठी माणूस तिला 'पॅटर्न' म्हणतो. सगळ्यांत प्रसिद्ध अर्थात लातूर पॅटर्न. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय की २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' नावाचा सिनेमा आला तेव्हा त्यातला टोमणा कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आजच्या इंग्रजीत पॅटर्न म्हणजे जास्त करून नक्षी, नाहीतर परत परत दिसणारी गोष्ट. 'बघा आणि असंच करा' हा त्याचा जुना अर्थ आहे, आणि तो आपण इथे ठणठणीत ठेवलाय.

या शब्दाच्या मुळाशी बाप आहे. लॅटिनमधला 'पाटेर' म्हणजे वडील, आपल्या 'पितृ'चाच सख्खा भाऊ. त्यावरून झाला 'पाट्रोनुस', म्हणजे आश्रयदाता. रोममध्ये मोठ्या माणसाच्या आश्रयाला लहान माणसं असायची. ती सकाळी सकाळी त्याच्या दारात मुजऱ्याला हजर व्हायची आणि तो कोर्टात त्यांची बाजू मांडायचा. गुलामाला मुक्त केलं की जुना मालक त्याचा पाट्रोनुस व्हायचा. मुक्त झालेल्याने त्याचा मान राखायचा, ठरलेले दिवस त्याचं काम करायचं आणि त्याचं नावही लावायचं. सिसेरोने इ.स.पू. ५३ मध्ये आपल्या टिरो नावाच्या गुलामाला मुक्त केलं. सिसेरोचं पूर्ण नाव मार्कुस टुलियुस सिसेरो, म्हणून टिरो झाला मार्कुस टुलियुस टिरो. सुटका झाली, पण नावात मालक कायमचा येऊन बसला.

पुढे फ्रेंचमध्ये 'पात्रों' आला. तिथे आजही या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक बॉस, आणि दुसरा शिंप्याचा कागदी फर्मा, जो कापडावर ठेवून कापड कापतात. मला हे भन्नाट वाटतं. फर्म्याला बॉस का म्हणायचं? कारण कापड त्याचं ऐकतं. आश्रित जसा धन्यावर अवलंबून, तशी नक्कल मूळ नमुन्यावर. इंग्रजीत जाताना बोलणाऱ्यांनी 'र'ची जागा हलवली. आपण नुकसानचं नुस्कान करतो, तसंच. काही काळ दोन्ही रूपं एकाच अर्थाने चालली. साधारण १७०० पर्यंत वाटणी झाली: माणूस असेल तर पेट्रन, वस्तू असेल तर पॅटर्न.

मी अकरावी-बारावी लातूरला काढली. माझं गाव परभणी जिल्ह्यात, पण कॉलेजपासून आजच्या ऑफिसपर्यंत माझी ओळख 'लातूरवाला' अशीच आहे. टिरोची गोष्ट वाचली तेव्हा पहिल्यांदा हेच डोक्यात आलं. तिथे काय होतं हे आता सगळ्यांना माहीत आहे: भाड्याची खोली, मेसचा डबा, टेस्ट, पेपर तपासून आला की पुन्हा टेस्ट. त्याने मला गणित आलं, हे नाकारणार नाही. आमच्या खोलीत चौघं होतो. त्यातला एक दिवाळीनंतर परत आलाच नाही. त्याची गादी महिनाभर गुंडाळून कोपऱ्यात होती. 'त्याला पॅटर्न झेपला नाही,' असं सगळे म्हणाले. पॅटर्नला तो झेपला नाही, असं कुणी म्हणालं नाही. बापाकडून जाब मागायची पद्धत आपल्याकडे नाही.

नोकरीत हाच शब्द वेगळ्या रूपात भेटला. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये 'अ पॅटर्न लँग्वेज' हे पुस्तक काढलं. त्यात खिडक्या, गल्ल्या, बसायच्या जागा यांचे २५३ पॅटर्न आहेत. त्याच्या लेखी पॅटर्न म्हणजे वारंवार येणारी अडचण आणि तिच्या उत्तराचा फक्त गाभा. बाकीचं जागा बघून ठरवायचं, म्हणजे लाख वेळा वापरला तरी दोन घरं सारखी होणार नाहीत. ती कल्पना उचलून चार जणांनी १९९४ मध्ये सॉफ्टवेअरचे २३ पॅटर्न लिहिले. इंटरव्ह्यूसाठी आम्ही ते पाठ करतो, म्हणजे पुन्हा फर्माच. खुद्द अलेक्झांडरने १९९६ मध्ये प्रोग्रामर लोकांच्या परिषदेत विचारलं होतं, की या पॅटर्नमुळे तुमचे प्रोग्राम खरंच चांगले होतात का?

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला. ओंकारची दहावी झाली.

"तुझं टाइमटेबल पाठव रे. तुझ्यासारखंच करायचं त्याला."

"काका, ओंकारला द्या ना फोन."

"तो काय सांगणार? तू पाठव."

टाइमटेबल जपून ठेवलेलं होतंच, त्याचा फोटो ओंकारलाच पाठवला. खाली आमच्या खोलीतल्या चौथ्याबद्दलही लिहिलं. ओंकारने आधी अंगठा पाठवला. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: "दादा, तो आता काय करतो?"