वहीतलं इंदूर

बुधवार, रात्र (बसमध्ये)

निघायला पाऊण तास उशीर. तिकिटं २,६००. पाण्याच्या बाटल्या ४०. स्वेटर पिशवीच्या तळाशी गेलेत. ताईचा गुडघा दुखतोय. शेजारचा माणूस मोबाइलवर मालिका बघतोय, आवाजासकट.

गुरुवार

सेंधव्याच्या आसपास उजाडलं. इंदूरला पोचायला साडेदहा. लॉजवर पाटी : ‘गरम पाणी सात ते आठ’. डिसेंबरात गार पाण्याने अंघोळ केली. ताई म्हणाली, “मी नाही करत, देव माफ करेल.”

मग पोहे. कोपऱ्यावरच्या टपरीवर खाली पातेल्यात पाणी उकळत होतं आणि वर पोह्यांनी भरलेली परात. त्या वाफेवर पोहे दुपारपर्यंत मऊ राहतात. हळदीने पिवळेधम्मक, किंचित गोड, मधूनच दाताखाली येणारी बडीशेप. वर बारीक कांदा, मूठभर शेव, लिंबू आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट काळसर मसाला. सोबत गरम जिलबी. एक घास तिखट, एक घास गोड, हीच इथली रीत.

“पोह्यांत बडीशेप?” ताई म्हणाली. “ती जेवणानंतर खायची असते.” तरी कागद चाटूनपुसून साफ केला. वर म्हणते, खोबरं-कोथिंबीर हवी होती.

पोहे-जिलबी ९०. रिक्षा १२०. रिक्षावाला मला ‘भिया’ म्हणाला. इथे सगळेच भिया असतात. दुपारभर झोपलो.

शुक्रवार

पावणेसातला उठून बादली लावून बसलो. सव्वासातला कोमट धार आली, साडेसातला गेली. व्यवस्थापक म्हणतो, “आ जाएगा, साब.” काय येणार, ते बोलला नाही.

पोहे-जिलबी ९०.

राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या आगीत बराच भाग गेला, पुढे पुन्हा उभारला. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा. ताईने चप्पल काढून नमस्कार केला. जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. कान्ह नदीच्या काठी होळकरांची ही स्मारकं. तिथल्या पायऱ्यांवर गुडघा टेकवत टेकवत एक तास गेला.

मग लालबाग. १८८६ ला काम सुरू होऊन १९२१ ला संपलं, म्हणजे होळकरांच्या तीन पिढ्या त्यात गेल्या. फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीचं. मला मात्र झुंबरांपेक्षा स्वयंपाकघर लक्षात राहिलं. ते नदीच्या पलीकडे. तिथून भुयाराने ताटं राजवाड्यात यायची. ताईने लगेच विचारलं, “मग आमटी गरम कशी राहायची?” उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

दुपारी दाल-बाफले. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवायचे. दोन खाल्ले. रात्री जेवण नाही. बाफले ३२०, रिक्षा २१०.

शनिवार

गीझर : तसाच.

संकष्टी. ताईचा उपास. सकाळी खजराण्याच्या गणपतीला गेलो. रांगेत दीड तास. हे देऊळ अहिल्याबाईंनी बांधलं म्हणतात. ताईने पाणीसुद्धा मोजून प्यायलं.

चंद्र नऊच्या सुमाराला उगवायचा होता आणि सराफाही तेव्हाच जागा होतो. दागिन्यांच्या पेढ्यांची शटर्स एकेक खाली येतात आणि त्याच पायऱ्यांवर शेगड्या लागतात. गल्ली पहाटे दोनपर्यंत खात असते. पूर्वी रात्री गल्लीत वर्दळ राहावी, चोरांना भीती वाटावी म्हणून सोनारांनीच हे चालू दिलं, असं सांगतात.

साबुदाण्याची खिचडी दिसली. वाफेवरची, लिंबू पिळलेली, वर शेव. ताईने शेवेला हात आडवा केला. विकणारा चक्रावला : “बिना सेव की? तो फिर खिचड़ी क्यों?”

बाकावर बसलेल्या एक बाई मोठ्याने हसल्या. पंचाहत्तरीच्या, नऊवारीत, हातात मक्याच्या किसाचा द्रोण. “अहो, इथे उपासालाही शेव चालते. तुम्ही पुण्याहून येऊन राहिले का?”

ताईला त्या ‘येऊन राहिले’ची गंमत वाटली. बाईंच्या ते लक्षात आलं. “आमची मराठी अशीच. अर्धी हिंदी. पण तुमचीही पेपरातली वाटते हो, वाचून दाखवल्यासारखी.” ताई गप्प. तिला असं कोणी फारसं बोलत नाही.

रामबागेत राहतात. पणजोबा होळकरांच्या कचेरीत कारकून होते, तेव्हापासून घराणं इथलंच. मुलगा पुण्यात, हिंजवडीला नोकरीला. “त्याला तुमचे कांदेपोहे कोरडे लागतात. मग मी जिरावण पाठवते, दर महिन्याला अर्धा किलो.” ताई म्हणाली, “पोहे नीट भिजवत नसेल.” बाई म्हणाल्या, “तो नाही हो, तुम्ही.” मग दोघी हसत सुटल्या.

तेवढ्यात कोणीतरी चंद्र दाखवला. ताईने हात जोडले आणि बाईंनी तिच्या हातात किसाचा नवा द्रोण ठेवला. मका किसून तुपावर परतायचा, दुधात शिजवायचा, मोहरी-हिंगाची फोडणी. आपला बटाट्याचा कीस आठवतो, पण हा मऊ आणि दुधाळ. मग गराडू : तळलेला कंद, वर जिरावण आणि लिंबू, फक्त थंडीत मिळतो. मग तळहाताएवढा जलेबा, तोही वजनावर. बाईंनी आम्हाला पैसे देऊच दिले नाहीत.

परतलो साडेबाराला. ताईने गुडघ्याचं नावही काढलं नाही.

रविवार

पोट बिघडलं. माझं. ताईचं ठणठणीत.

छप्पन दुकानांच्या ओळीत मी फक्त शिकंजी घेतली. लिंबूपाणी येईल वाटलं होतं, आलं दाट दूध, सुक्या मेव्याचं. ६०. ताईने खोबऱ्याचं सारण भरलेले बटाट्याचे पॅटिस खाल्ले, दोन. ५०. औषध ८५.

सोमवार

काचमंदिर : भिंती, छत, खांब, सगळीकडे काच. हुकुमचंद शेठजींनी बांधलेलं. माणिकबाग बाहेरूनच पाहिली. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेशियस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतलेलं घर. आता तिथे करखात्याचं कार्यालय आहे. ताई म्हणाली, “बाहेरूनच बरं.”

जिरावण अर्धा किलो १८०. शेव एक किलो २८०. लॉज, चार रात्री, ४,४००. बस वेळेवर निघाली.

आत्ता ताईने वही मागून घेतली. चष्मा लावून बेरीज केली.

“पोहे कुठेत? शनिवारपासून लिहिलेच नाहीस. शनिवारी तू माझ्याआड एकट्याने खाल्लेस, तेही नाहीत.”

“राहिलं.”

“घरी तरी कुठे लिहितोस,” म्हणाली आणि वही परत दिली.

पोहे-जिलबी, तीन दिवस : २२५.