आईच्या तोंडची भाकर

कुंभिवलीहून केडगावला जायचं तर कर्जतला गाडी पकडायची. बोरघाट चढून पुणे मागे टाकलं की दौंडच्या अलीकडे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन.

रमाबाईंना मरण लवकर ओळखीचं झालं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला त्या एका घरी गेल्या, तर लाजेनं शब्दच फुटेना. तुकडा मिळाला, पण आईला तो गिळता आला नाही. पुढे भाऊ गेला आणि 1882 मध्ये पतीही.

1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथेच सगळं सुटलं असं मानणं भाबडेपणाचं. देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती मिळते, हे मनात उतरायला त्यांना आणखी काही वर्षं लागली. व्रतं आणि तीर्थयात्रांत वाढलेल्या मुलीला फुकट मिळालेलं सहजी कसं पटावं?

1921 च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. मिशनची सारी भिस्त तिच्यावर होती. पुनरुत्थानाची आशा धरली म्हणून आईचा जीव तुटत नाही, असं थोडंच आहे! तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही.

5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. भाषांतर हातावेगळं झालं होतं.