सदर मौजा

पटवाऱ्याच्या जमाबंदीच्या वहीत मौजा आणि तालुका यांची नावे माथ्यावर एकदाच लिहिलेली असतात. खाली ओळीमागून ओळ येते ती सर्व्हे नंबर, खातेदार आणि आकार एवढेच घेऊन, कारण माथ्यावर आलेले प्रत्येक ओळीने पुन्हा उच्चारणे म्हणजे शाईचा अपव्यय आणि वाचणाऱ्याच्या बुद्धीचा उपमर्द. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेने 1994 साली अभिलेखवर्णनाचे नियम प्रसिद्ध केले, त्यांतही हेच आहे: आधी समग्र दफ्तर, मग मालिका, मग मिसल, अखेरीस सुटा कागद, आणि वरच्या पायरीवर जे सांगून झाले ते खाली पुन्हा सांगावयाचे नाही. अकोला-अमरावतीच्या जुन्या कागदांत हयात घालविलेल्या मला ते वाचताना परक्या वेशातला आपलाच पटवारी भेटल्यासारखे वाटले.

अडचण येते ती सर्वांत वरच्या पायरीशी. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. 1903 मध्ये तो मध्यप्रांतास जोडला गेला, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. धनी बदलले, परंतु कारकून दुसऱ्या दिवशी त्याच मिसलीला पुढचे पान जोडीत राहिला. अशा दफ्तराचे राज्यागणिक तुकडे पाडणे मला कधीच मानवले नाही; राज्यांतराची हकीकत माथ्यावर एकदा सांगावी आणि मालिका अखंड ठेवावी. बाशीमचे मात्र उलट. तो जिल्हा 1905 मध्ये मोडला आणि त्याचा काही भाग अकोल्यात आला. तरी त्या कचेरीचे कागद, आज कोणत्याही कपाटात असोत, अकोल्याची एक मालिका नव्हेत, ते स्वतंत्र दफ्तरच. त्याच वर्षी अमरावतीत विलीन झालेल्या एलिचपुराचेही तसेच. बाशीमला उघडलेली आणि अकोल्यात निकाली निघालेली मिसल मी अकोल्याकडे ठेवतो व बाशीमच्या यादीत तिचा निर्देश करतो. याविषयी माझ्या सहकाऱ्यांचे नि माझे अद्याप एकमत नाही.

उमेदवारीच्या काळात, एका अभ्यासकाची सोय व्हावी म्हणून, 1899-1900 च्या दुष्काळाचे कागद मी निरनिराळ्या मिसलींतून उपसून एका बस्त्यात बांधले होते. बस्ता मोठा देखणा झाला. पुढे कित्येक वर्षांनी तो सोडला, तेव्हा त्यात एक मोडी अहवाल हाती आला: सदर मौजातील विहीर आटली असून सदर अर्जदार तगाईस पात्र आहे. कोणता मौजा, कोण अर्जदार, हे मिसलीच्या वेष्टनावर लिहिलेले असणार. म्हणूनच तर लिहिणाऱ्याने निर्धास्तपणे दोनदा ‘सदर’ लिहिले. तो कागद अजून त्याच बस्त्यात आहे, आणि त्याच्या कोपऱ्यात माझ्या हातची पेन्सिलीची नोंद: मूळ मिसल अज्ञात.