जालेह चौकाकडे जाणाऱ्या वाटा

८ सप्टेंबर १९७८, शुक्रवार. तेहरानमध्ये त्या पहाटे लष्करी कायदा लागू झाला. सभा आणि मोर्चे बंद. पण घोषणा होईपर्यंत कितीतरी माणसं घराबाहेर पडली होती. काहींच्या कानावर ती आलीच नव्हती, काहींनी ऐकूनही पाऊल मागे घेतलं नव्हतं. जालेह चौकात हजारोंचा जमाव होता आणि सैनिकांनी त्याच्यावर गोळ्या चालवल्या. किती माणसं मेली, यावर त्या दिवसापासून वाद आहे. इराणचे राजे शाह यांच्या विरोधकांच्या तोंडी हजारोंचा आकडा होता. शाहांची सत्ता उलथवणाऱ्या क्रांतीनंतर बऱ्याच वर्षांनी इमादुद्दीन बाघी या संशोधकाने नोंदी तपासल्या, तेव्हा शहरभरातले मिळून ८८ बळी निघाले, त्यातले ६४ या चौकातले. इराणी लोक त्या दिवसाला 'काळा शुक्रवार' म्हणतात.

हा दिवस एका व्हिडिओ गेमचा विषय झाला आहे. '१९७९ रेव्होल्यूशन: ब्लॅक फ्रायडे' हा गेम २०१६ साली आला. बनवला न्यूयॉर्कच्या इंक स्टोरीज या छोट्या स्टुडिओने. दिग्दर्शक नवीद खोन्सारी. त्यांचं लहानपण इराणात गेलं आणि क्रांतीनंतर त्यांचं कुटुंब कॅनडात गेलं. पुढे रॉकस्टार कंपनीत 'ग्रँड थेफ्ट ऑटो'सारख्या गाजलेल्या गेमच्या दृश्यांवर त्यांनी काम केलं. तिथून ते आपल्या आजोबांच्या शहराकडे वळले. आजोबांनी ८ मिलीमीटरच्या कॅमेऱ्यावर केलेलं घरगुती चित्रण त्यांनी या गेममध्ये वापरलं आहे. खेळता खेळता मध्येच ती खरी, थरथरती दृश्यं पडद्यावर येतात. क्रांतीच्या आधीही या शहरात एक साधं, घरगुती जगणं चाललेलं होतं, हे त्यामुळे एका क्षणात पटतं.

मी गेमच्या कथा लिहिते. खेळणाऱ्यापुढे दोन-चार पर्याय ठेवायचे आणि तो जो निवडेल तिथून पुढची वाट काढायची, हे माझं रोजचं काम. लोकांना वाटतं, जितके पर्याय जास्त तितका गेम मोठा. एक साधा हिशेब करून पाहा. दहा ठिकाणी फक्त दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येकाची वाट कायमची वेगळी ठेवली, तर शेवट होतात १०२४. एवढं कोण लिहिणार, आणि लिहिलं तरी कोण खेळणार? म्हणून आम्ही सगळेच फांद्या फोडतो आणि चार पावलांवर पुन्हा एकत्र आणतो. अशा जागेला मी गाठ म्हणते. तुम्ही डावीकडून आलात की उजवीकडून, पूल तोच लागतो. बदलतं ते एवढंच, की तुमच्यासोबत कोण आहे, खिशात काय आहे आणि कोण तुमच्यावर रागावलेलं आहे.

काल्पनिक कथेत ही गाठ लपवावी लागते. खेळणाऱ्याला ती दिसली की तो चिडतो: मी काहीही निवडलं तरी हेच होणार होतं, मग विचारलंत कशाला? त्याचं चिडणं रास्त आहे. लेखकाने त्याला मोकळीक आहे असं भासवलेलं असतं आणि ती नसते. इतिहासावरच्या गेममध्ये मात्र ही गाठ लपवायची गरज नाही. शाह १६ जानेवारी १९७९ला देश सोडून जाणारच आहेत. क्रांतीचे नेते धर्मगुरू खोमेनी १ फेब्रुवारीला विमानातून उतरणारच आहेत. आणि त्याआधी, सप्टेंबरातल्या त्या शुक्रवारी, जालेह चौकात गोळ्या चालणारच आहेत. खेळणाऱ्याच्या हातात ते नाही, कारण त्या माणसांच्याही हातात ते नव्हतं. आमच्या धंद्यात जी उणीव समजली जाते तीच इथे खरी गोष्ट सांगते. या प्रकारच्या गेमवर माझा एवढा जीव आहे तो यामुळे.

मग निवडायचं काय? रझा शिराझी हा या गेमचा नायक जर्मनीहून परतलेला तरुण छायाचित्रकार आहे. बाबक हा त्याचा मित्र, अली हा चुलतभाऊ, आणि हुसेन हा थोरला भाऊ, जो व्यवस्थेच्या बाजूला उभा आहे. मित्र त्याला मोर्च्यात ओढतात. रझाने कॅमेरा उचलायचा की दगड? घरी आईवडिलांना काय सांगायचं? भावाशी वाद घालायचा की गप्प राहायचं? प्रत्येक वेळी पडद्यावर काळाची एक पट्टी झरझर आटत जाते. ती संपली आणि तुम्ही काहीच निवडलं नसेल, तर रझा गप्प राहिला असं धरलं जातं, आणि समोरचा माणूस ते गप्प राहणंसुद्धा लक्षात ठेवतो.

या पट्टीबद्दल आमच्यात मतभेद आहेत. पुष्कळ लेखकांना ती आवडत नाही. वाचायला वेळ मिळत नाही, संवादाची नजाकत वाया जाते, असं ते म्हणतात. मी तिच्या बाजूची आहे, निदान क्रांतीवरच्या गेममध्ये तरी. आपल्याला पुढचं सगळं ठाऊक असतं, ही अशा गेममधली सर्वांत मोठी अडचण. कोण जिंकलं, जिंकल्यावर त्यांनी कुणाला तुरुंगात घातलं, कोणत्या मित्राने कोणत्या मित्राला पकडून दिलं, हे खेळणारा पुस्तकात वाचून आलेला असतो. १९७८च्या रस्त्यावर डावे, धार्मिक, उदारमतवादी, बाजारातले व्यापारी, विद्यार्थी असे सगळे खांद्याला खांदा लावून चालत होते, आणि वर्षभरात त्यांचं काय होणार आहे हे त्यांच्यापैकी कुणालाच दिसत नव्हतं. खेळणाऱ्याला सावकाश विचार करू दिला, तर तो इतिहासाच्या शहाणपणातून उत्तर देतो. घाई केली तर तो रझासारखं उत्तर देतो. पट्टीमुळे त्याचं ज्ञान पुसलं जात नाही. ते बाहेर काढायला त्याला सवड मिळत नाही, एवढंच.

लिहिणाऱ्यालाही हे पाळावं लागतं. पर्यायाचं वाक्य मागाहून आलेल्या शहाणपणाचं नसावं. 'ही चळवळ धर्मगुरूंच्या हाती जाईल' असा पर्याय मी रझाच्या तोंडी देणार नाही. 'त्या कॅसेटमधला म्हातारा बरोबर बोलतोय' किंवा 'मला त्या कॅसेटची भीती वाटते' हे देईन. खोमेनींची भाषणं कॅसेटवर उतरवून, एकावरून दुसरी काढत, हातोहात देशभर पोचली होती. गेममध्ये ती कॅसेट हाताशी येते, लावून ऐकता येते. ऐकणाऱ्याला त्या वेळी फक्त आवाज आणि खरखर ऐकू येते, भविष्य नाही.

गेमची रचना मला याहूनही मोलाची वाटते. सुरुवात होते १९८० मध्ये. क्रांती होऊन गेली आहे. रझा डार्करूममध्ये फोटो धूत असतो आणि दारावर धाड पडते. त्याला एविन तुरुंगात नेतात. समोर बसलेला असतो हाजी आगा हा चौकशी अधिकारी. त्या काळात एविनमध्ये दहशत बसवणाऱ्या असदुल्ला लाजवर्दीवरून हे पात्र घडवलेलं आहे. हाजी आगा एकेक फोटो पुढे सरकवतो आणि विचारतो, हा कोण, तू तिथे काय करत होतास? तिथून आपण १९७८मध्ये जातो, खेळतो आणि पुन्हा त्या खोलीत येतो.

म्हणजे एकच गोष्ट दोनदा निवडावी लागते. एकदा रस्त्यावर, करताना. आणि एकदा खोलीत, सांगताना. रस्त्यावर मित्राला वाचवलंत, तर खोलीत त्याचं नाव घ्यायचं की नाही हा प्रश्न उरतोच. एविनमधला तुरुंगवाला पूर्वी शाहचा होता, आता क्रांतीचा आहे. त्या भिंतींनी मालक बदललेले पाहिले आहेत, आणि गेम हे भाषण न देता, नुसतं तारखा पुढेमागे करून सांगतो. एका प्रकरणाच्या आत क्रांतीची आशा आणि तिचं पुढे काय झालं हे दोन्ही मावतं. मी हे पहिल्यांदा खेळले तेव्हा वही काढून सगळ्या प्रवेशांचा क्रम उतरवून घेतला होता.

फोटो काढण्याचा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. गर्दीत रझा कॅमेरा डोळ्याला लावतो. चौकटीत येतं ते तुम्ही ठरवता: मूठ आवळलेला माणूस, भिंतीवरची घोषणा, चादर पांघरलेल्या बायका, सैनिकांची रांग. बटण दाबलं की रझाने काढलेलं चित्र पडद्यावर थांबतं आणि त्याच्या शेजारी मिशेल सेतबून या फ्रेंच छायाचित्रकाराने त्या काळात तेहरानमध्ये काढलेला खरा फोटो येतो, सोबत दोन-चार ओळींची माहिती. एक रेखाटलेला चेहरा, एक खरा. खेळ तिथे काही क्षण थांबतो. गेममध्ये माहिती कुठे ठेवायची हा आमचा नेहमीचा झगडा असतो, कारण संवादात कोंबली तर पात्रं पाठ्यपुस्तकासारखी बोलू लागतात. इथे ती खेळणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीचं फळ म्हणून येते. त्याने कॅमेरा उचलला नाही, तर ती त्याला मिळत नाही.

नायक छायाचित्रकार असणं हा माझ्या मते या गेममधला सर्वांत शहाणा निर्णय. त्याच्याकडे सत्ता नाही. तो गोळीबार थांबवू शकत नाही आणि सुरूही करू शकत नाही. पण काय पाहायचं, कुणाचा चेहरा फिल्मवर उतरवायचा आणि ती फिल्म कुणाच्या हाती द्यायची हे तो ठरवतो. आणि ज्याचा चेहरा फिल्मवर आला, तो पुढे त्या एविनच्या टेबलावर सापडू शकतो. साक्षीदाराच्या हातातलं काम छोटं असलं, तरी त्याची जबाबदारी पूर्ण त्याची असते.

याच्या उलट उदाहरण म्हणजे पोलिश स्टुडिओ पॉलिस्लॅशचा २०१९चा 'वुई. द रेव्होल्यूशन'. तिथे आपण फ्रेंच राज्यक्रांतीच्या न्यायाधिकरणातले न्यायाधीश, अलेक्सी फिदेल. आरोपी येतो, प्रश्न विचारायचे, सोडायचं, तुरुंगात टाकायचं की गिलोटिन, ते ठरवायचं. प्रत्येक निकालागणिक सामान्य जनता, क्रांतिकारक आणि सरदार यांची मर्जी वरखाली होते. चित्रकला देखणी आहे, कल्पनाही दमदार. पण थोड्याच वेळात मी आरोपीकडे बघेनाशी झाले आणि मर्जीच्या काट्यांकडे बघू लागले. दहशतीच्या काळात न्यायाधीश असेच वागले असतील, असं म्हणता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. तरी माझं मन तिथे लागलं नाही. आरोपी आकडा झाला की त्याच्या मानेबद्दल काही वाटत नाही, आणि वाटलं नाही तर क्रांतीबद्दल आपल्याला काय कळलं?

'ब्लॅक फ्रायडे'त सगळंच साधलंय असं नाही. धावपळीच्या प्रसंगांत ठरलेल्या वेळी ठरलेलं बटण दाबायचे जे तुकडे आहेत ते ढोबळ आहेत. तिथे हात चालतो, मन नाही. शेवट तर फारच एकाएकी येतो. दोन-तीन तासांत खेळून होणारा हा गेम, त्यातली पात्रं आत्ता कुठे आपली वाटू लागलेली असतात, आणि पडदा पडतो. पैसे आणि माणसं कमी असली की काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून मी त्याकडे उदार नजरेने पाहते. शिवाय हा गेम करणाऱ्यांनी मोजलेली किंमत वेगळीच होती. काम चालू असतानाच इराणमधल्या एका कट्टर वृत्तपत्राने खोन्सारींवर हेरगिरीचा ठपका ठेवला. तेव्हापासून त्यांना मायदेशी जाणं सुरक्षित राहिलं नाही. संघातल्या काहींनी खरी नावं लपवून काम केलं, आणि गेम आल्यावर इराणमध्ये त्यावर बंदी आली. श्रेयनामावलीत एखादं टोपणनाव दिसतं तेव्हा त्यामागे कुणाचे तरी आईवडील तेहरानमध्ये राहत असतात.

सध्या मी मुंबईतल्या फेब्रुवारी १९४६च्या नाविकांच्या उठावावर एक छोटा गेम लिहिते आहे. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या संदेशप्रशिक्षण केंद्रात खलाशांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीविरुद्ध संप केला, आणि बघता बघता तो बंदरातल्या जहाजांवर आणि इतर नौदल तळांवर पसरला. २२ला मुंबई बंद होती, गिरणगावात गोळ्या चालल्या. २३ला वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यानंतर संपसमितीने शरणागती पत्करली. ही माझी गाठ. कुठल्याही वाटेने या, २३ला शरणागतीचे काळे झेंडे चढणारच.

समितीचे अध्यक्ष एम. एस. खान यांना नायक करण्याचा मोह मला झाला नाही. माझा नायक 'तलवार'वरचा एक नाव नसलेला टेलिग्राफिस्ट आहे. तिथली मुलं बिनतारी यंत्रावर काम करणारी होती, त्यामुळे संपाची बातमी जहाजाजहाजांवर पोचवणं त्यांच्या हातात होतं. माझ्या गेममधले बहुतेक पर्याय म्हणजे संदेशाचे मसुदे. नौदलाच्या कॅसल बॅरेक्सवर गोळीबार सुरू झाला हे इतर जहाजांना कोणत्या शब्दांत कळवायचं? 'आमच्यावर हल्ला झाला आहे' असं पाठवलं तर कुठल्या तरी जहाजावरची तोफ शहराकडे वळेल का? 'शांत राहा' पाठवलं तर बराकीतली पोरं एकटी पडतील का? मी हे संदेश लिहून मोठ्याने वाचते, शब्द कमी करते, पुन्हा वाचते. बिनतारी संदेशात फापटपसारा चालत नाही आणि खेळणाऱ्याची पट्टीही आटत असते. चार शब्दांत भीतीही यावी लागते आणि हुकूमही.

रझाच्या गेमकडून मी चौकशीची चौकट उघड उघड घेतली आहे. या उठावानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला होता आणि त्यापुढे साक्षी झाल्या. तर माझा टेलिग्राफिस्ट आयोगापुढे उभा आहे आणि त्याला विचारताहेत, हा संदेश कुणी पाठवला? तुम्ही पाठवला असेल तरी 'मी नाही' म्हणू शकता. पाठवला नसेल तरी 'मीच' म्हणू शकता. गेम तुम्हाला दुरुस्त करत नाही, गुण कापत नाही. मात्र तुमच्यानंतर तोच प्रश्न त्याच खोलीत तुमच्या शेजारच्या यंत्रावर बसणाऱ्या मुलाला विचारला जातो, आणि त्याचं उत्तर तुम्ही काय म्हणालात त्यावर अवलंबून असतं. त्या मुलाची सगळी उत्तरं अजून लिहून झालेली नाहीत. तुम्ही पट्टी संपेपर्यंत गप्प राहिलात, तर तो काय म्हणेल, यावर सध्या काम चालू आहे.