दुखण्याची वही

मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला माझ्या एका वहीची गोष्ट सांगणार आहे. आणि मित्रांनो, पान उलटू नका हं! ही गोष्ट तुमच्या बहिणीची किंवा आईचीसुद्धा असू शकते.

मी तेव्हा नववीत होते. आमच्या शाळेचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला होता. पळतीला मी उतरले की दोन-अडीच मिनिटं कुणाच्या हाती लागायची नाही. जिल्ह्याच्या सामन्याच्या दिवशी सकाळीच मला पाळी आली. ओला कपडा पिळावा तसा ओटीपोटात पीळ पडत होता. तरी एकावर एक दोन पॅड लावून मी मैदानात उतरले. मिनिटभरातच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खांबाजवळ मटकन खाली बसले. एका मैत्रिणीने काही न बोलता आपला स्वेटर माझ्या कमरेला बांधला. तो सामना आम्ही एका गुणाने हरलो.

घरी येऊन खूप रडले. आजीने गूळ घालून ओव्याचा काढा दिला. म्हणाली, "पोरी, बाईचा जन्म आहे. लग्न झालं की थांबतं सगळं." आई म्हणाली, "मलाही असंच व्हायचं गं. अजूनही होतं. सहन करायची सवय होते." मलाही तेच खरं वाटलं. दर महिन्याला दोन-तीन दिवस शाळा बुडायची. दर दीड तासाला पॅड बदलावं लागायचं. रात्री गादीवर जुनी चादर घालून झोपायचे. मला वाटायचं, सगळ्या मुलींचं असंच असणार!

पुढच्याच महिन्यात शाळेत आरोग्य पथक आलं. बोटाला टोचून रक्त तपासलं. माझं हिमोग्लोबिन निघालं ७.९. ते निदान १२ असायला हवं. शाळेत आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळायची, ती आम्ही मुली गुपचूप कुंडीत टाकायचो! तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, काय हा वेडेपणा! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचं दिसलं होतं. त्या शंभरात आपणही असू शकतो, हे तेव्हा कुठे कळत होतं!

एका दवाखान्यात गेलो. तिथे लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि "सगळ्याच मुलींना दुखतं, अभ्यास नको म्हणून सांगत असेल," असं ऐकायलाही मिळालं. बाहेर आल्यावर आईचा चेहरा उतरला होता. कारण तीच वाक्यं तिने मला किती वेळा ऐकवली होती!

मग बाबांनी चौकशी करून दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी औषध लिहिलंच नाही. त्यांनी मला एक वही करायला सांगितली. रोजची तारीख, किती पॅड बदलले, रुपयाच्या नाण्याएवढी गाठ पडली का, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, शाळेत गेले की नाही, संडासला जाताना दुखलं का. तीच ही दुखण्याची वही. दोन महिन्यांनी वही घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी ती पानन् पान वाचली. माझं दुखणं कुणीतरी पहिल्यांदाच वाचत होतं.

आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड, आणि रक्त नीट गोठतं का, तेही. "रक्त गोठण्याचा काय संबंध?" मी विचारलं. तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. फिनलंडजवळ ऑलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या पाच वर्षांच्या एका मुलीला १९२४ साली हेलसिंकीला डॉ. एरिक फॉन विलब्रांड यांना दाखवायला आणलं. तिच्या घरातल्या कित्येकांना रक्त थांबत नसे. डॉक्टरांनी १९२६ साली या आजारावर लेख लिहिला. पण ती मुलगी तेराव्या वर्षी चौथ्या पाळीच्या रक्तस्रावाने दगावली. आज या आजाराला त्या डॉक्टरांचंच नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. म्हणून पाळी सुरू झाल्यापासूनच फार रक्त जात असेल, तर ही तपासणी करतात. माझ्या तपासण्या चांगल्या आल्या. सोनोग्राफीतही काही दिसलं नाही.

"मग मला काहीच झालेलं नाही?" मी विचारलं.

"असं नाही," त्या म्हणाल्या. "तुझी वही आणि तुझी लक्षणं बघता हा एंडोमेट्रिऑसिस असावा." गर्भाशयाच्या आत एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीत बाहेर पडतं. या आजारात तसंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर, ओटीपोटात इकडेतिकडे वाढतं. त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज येते, आतले भाग एकमेकांना चिकटतात आणि कळा येतात. सोनोग्राफीत तो प्रत्येक वेळी दिसतोच असं नाही. जगात साधारण दहातल्या एका बाईला किंवा मुलीला हा आजार असतो, आणि तो ओळखायलाच पुष्कळदा कितीतरी वर्षं जातात. जवळच्या नात्यात असेल, तर आपल्यालाही होण्याची शक्यता वाढते. हे ऐकल्यावर आईने मान खाली घातली.

"याचं कायमचं औषध अजून नाही," डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. "पण ताब्यात ठेवता येतो. रस्ते तीन-चार आहेत. घरी जा, वहीत लिहा, विचार करा आणि मग या."

त्या रात्री जेवणानंतर आम्ही सगळे बसलो. वहीच्या पानावर मी रकाने आखले. पहिला रस्ता, फक्त त्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या. एक कळा कमी करणारी, जेवणानंतर घ्यायची. दुसरी रक्तस्राव कमी करणारी. फायदा, महिन्यातून चार-पाच दिवसच औषध. तोटा, मूळ आजार तिथेच. दुसरा, संप्रेरकांच्या म्हणजे हॉर्मोनच्या गोळ्या, रोज. त्यांनी अस्तराची वाढ दबते, रक्त कमी जातं, दुखणंही कमी होतं. पण सुरुवातीला मळमळतं, मधूनच डाग पडतात. तिसरा, गर्भाशयात बसवायचं हॉर्मोनचं छोटंसं साधन. ते काही वर्षं काम करतं, पण बसवताना दुखतं. चौथा, दुर्बिणीची शस्त्रक्रिया. त्यात आजार डोळ्यांनी दिसतो, काढताही येतो, पण पुन्हा उद्भवू शकतो. आणि पाचवा रकाना डॉक्टरबाईंनी मुद्दाम लिहायला सांगितला होता, 'काहीच न करणं'. त्याखाली मी लिहिलं: शाळा बुडते, रक्त कमी होतं, खो-खो बंद.

दुसऱ्या रकान्यावर घरात वादळ उठलं! कारण या गोळ्या म्हणजेच गर्भनिरोधक गोळ्या. आजी कडाडली, "लग्न न झालेल्या पोरीला त्या गोळ्या? उद्या लोक काय म्हणतील? पुढे मूलबाळ झालं नाही तर?" बाबा गप्पच. आई म्हणाली, "सासूबाई, मलाही भीती वाटते. पण विचारू तरी."

आजी स्वतः आली दवाखान्यात! डॉक्टरबाईंनी तिला खुर्ची दिली. "आजी, गोळीला लग्न कळत नाही," त्या हसून म्हणाल्या. "ती अस्तर पातळ ठेवते, एवढंच. ती थांबवली की पाळी पूर्ववत होते. पुढे मूल होण्याची क्षमता या गोळीने जात नाही. उलट हा आजार तसाच वाढू दिला, तर त्रास होऊ शकतो." मग त्यांनी मला विचारलं, डोकं अर्धंच दुखतं का, आधी डोळ्यांपुढे चमचम होते का, घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का. माझं उत्तर "नाही" होतं.

"मला होतं तसं," आई हळूच म्हणाली. "चमचम दिसते आणि मग डोकं दुखतं."

तेव्हा कळलं, आईलाही तपासायला हवं. तिचं वय बेचाळीस. हिमोग्लोबिन ८.६. दुसऱ्या एका ठिकाणी तिला पूर्वी सांगितलं होतं, "पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." या भीतीनेच ती पुन्हा कुठे गेली नव्हती.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. उसतोडीला आमच्या भागात आल्या आणि इथेच राहिल्या. आई त्यांच्याशी बोलत होती. मावशी म्हणाल्या, "ताई, माझी पंचविशीतच काढली. अंगावरून जायचं, पोट दुखायचं. खाडा झाला की पैसे कापायचे. म्हटलं, कटकट गेली. पण दोन्ही अंडाशयंही काढली हो. तवापासून हाडं ठणकतात, अंगातून वाफा निघतात. दुसरी काही औषधं असतात, हे कुणी सांगितलंच नाही." बीडच्या ऊसतोड बायकांचा हा प्रश्न एवढा मोठा होता की २०१९ साली राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. हे मला पुढे कळलं.

डॉक्टरबाईंनी आईला सांगितलं, "पिशवी काढणं वाईटच, असं नाही. सगळे उपाय करून थकलेल्या बाईला त्याने सुटका मिळते. पण आधी काय करून पाहिलं, हे विचारायला हवं." आईचा आजार माझ्यापेक्षा थोडा वेगळा निघाला. अस्तर गर्भाशयाच्या भिंतीतच शिरलं होतं. कॅन्सर नाही, हे तपासून घेतलं. तिच्या डोकेदुखीमुळे माझ्यासारख्या गोळ्या तिला चालणार नव्हत्या. तिने हॉर्मोनचं साधन बसवून घेतलं. उपयोग झाला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा ठरलं. मायलेकी एकाच घरातल्या, पण दोघींचे रस्ते निराळे!

मी आधी पहिला रस्ता धरला. तीन महिन्यांत रक्त जाणं कमी झालं, पण कळा तशाच. वहीत आठ, नऊ, आठ. मग सर्वांनी मिळून ठरवलं आणि गोळ्या सुरू झाल्या. दुकानदाराने पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं, तेव्हा बाबा म्हणाले, "कागद नको. औषधच आहे." एवढंच बोलले, पण मला फार बरं वाटलं.

सगळं एकदम छान झालं, असं मी सांगणार नाही. पहिले दोन महिने मळमळायचं. डाग पडायचे. एकदा वैतागून मी पाकीट फेकूनही दिलं! आजीनेच ते उचलून आणलं. "लिही वहीत," म्हणाली, "आणि बाईंना दाखव." तिसऱ्या महिन्यात दुखणं चारवर आलं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेत होते, चहाबरोबर नाही. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झालं.

आता मी अकरावीत आहे. दहावीच्या परीक्षेत एकही पेपर पोटदुखीमुळे अर्धा सुटला नाही. अजूनही एखादा महिना वाईट जातो. तेव्हा धाकटा भाऊ गरम पाण्याची पिशवी भरून आणतो, न सांगता. खो-खोच्या संघात पुन्हा घेतलं आहे, पण पळती पूर्वीएवढी नाही. होईल हळूहळू.

मैत्रिणींनो, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, तास-दोन तासांत पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दुखण्याने शाळा बुडत असेल, तर ते "बाईचा जन्म" म्हणून सोडून देऊ नका. मैत्रिणीची गोळी मागून घेऊ नका. प्रत्येकीचं औषध वेगळं असतं. एक वही करा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि आई-बाबांनो, मुलगी "फार दुखतंय" म्हणाली, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा.

परवा आईने स्वतःसाठी नवी वही आणली. पहिल्या पानावर तारीख घातली आणि मला विचारलं, "शून्य ते दहामध्ये आज किती लिहू गं?"

मी म्हटलं, "जेवढं असेल तेवढं, आई. कमी करून लिहू नकोस."