वालाच्या शेतातला दस्तरखान

डिसेंबर संपत येतो, शाळांना नाताळची सुट्टी लागते आणि मुंब्रा, तळोजा, पनवेल भागात राहणारी रायगडकडची कितीतरी मुस्लिम कुटुंबे गावाकडे निघतात. आम्हीही त्यांतलेच. दिव्याहून रोह्याची गाडी धरायची, डबे एकमेकांत वाटून खायचे आणि पेण मागे पडले की खिडकीला चिकटायचे. बाहेर भाताची कापणी झालेली खाचरे असतात. पण ती ओसाड नसतात. भाताच्या खुंटांमधून वाल वर आलेला असतो.

या वालाला कुणी पाणी देत नाही. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर आणि पहाटेच्या दंवावर तो वाढतो. पाऊस लांबला तर पेरणी लांबते आणि शेंगाही लांबतात. सगळे वेळेवर झाले तर डिसेंबरअखेर शेंगा भरू लागतात आणि घरोघरी एकच विचारणा होते, ‘पोपटी कधी लावायची?’

आपल्या दोन्ही ईद चांद्रवर्षाप्रमाणे येतात. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत त्या सगळ्या ऋतूंतून फिरतात. कधी ईद उन्हाळ्यात, कधी भर पावसात. म्हणून ईदच्या शीरखुर्म्याला ठरावीक हवामान नसते. पोपटीचे तसे नाही. ती कोणाचा सण नाही. ती शेताशी बांधलेली आहे. थंडी, वाल आणि सुट्टी या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो दस्तरखान मांडला जातो.

दुपारी मुले बांधावर भांबुर्डा शोधायला जातात. हे एक रानटी झुडूप. कच्च्या पानांचा वास इतका उग्र की गुरेही तोंड लावत नाहीत. घरात फुफी कोंबडीच्या तुकड्यांना आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि हळद चोळून ठेवते. मग ते केळीच्या पानांत बांधायचे. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा जाड थर, त्यावर शेंगा, जाडे मीठ आणि ओवा. मध्ये कोंबडीच्या पुरचुंड्या, बटाटे, रताळी, अंडी. पुन्हा शेंगा. शेवटी तोंडाशी पाला गच्च दाबून मडके जमिनीवर पालथे घालायचे आणि भोवती पेंढा, सुक्या झावळ्या, काटक्या रचून पेटवायचे.

आत पाण्याचा थेंब नाही, तेलही नाही. आमच्या घरात दोघे शिक्षक असल्याने मुलांना प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. पाणी नाही तर शिजते कसे? पाल्यात आणि शेंगांत जी ओल असते तिचीच वाफ होते आणि मडके पालथे असल्याने ती आतच कोंडून राहते. अर्ध्या तासाने तापलेल्या मडक्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडतात. चर्र आवाज होऊन ते लगेच उडून गेले की पोपटी झाली. मडके उघडले की तोच उग्र पाला असा दरवळतो की शेजारच्या वाडीलाही कळते.

शेजाऱ्यांना बोलावणे लागतच नाही, कारण शेंगा त्यांच्याच हातच्या असतात. आमची जमीन शेजारचे कुणबी कुटुंब अर्धेलीने करते. कोंबडी हलाल हवी म्हणून ती आम्ही आणतो, शेंगा आणि पेंढा ते आणतात. सुट्टीत मार्गशीर्षातला गुरुवार आला तर काकींचा उपवास असतो आणि त्यांच्या घरी मांस-अंडे चालत नाही. मग दोन मडकी लागतात. एका मडक्यात फक्त शेंगा, बटाटे, रताळी. जाळ शेजारी शेजारी, गप्पा एकत्र. हे कुणी ठरवून दिलेले नाही. वडिलांच्या वेळीही असेच होते.

केळीच्या पानांवर सगळे ओतले की वयाचा मान राहत नाही. शेंगा सोलून खायच्या असल्याने कुणी घाईत उठत नाही. शहरात एकाच मजल्यावर राहणारे दोन भाऊ महिनोन्‌महिने नीट बोललेले नसतात, ते इथे तासभर मांडीला मांडी लावून बसतात. नात्यांची जपणूक, जिला आपण सिलारहमी म्हणतो, ती शिकवायला यापेक्षा चांगला वर्ग आम्हाला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाच्या भाकरी आणि पाया, किंवा घावणे आणि गूळ घातलेले नारळाचे दूध. उरलेल्या शेंगांचे दाणे दादी कालवणात टाकायची, आता चाची टाकते.

यंदा मात्र जाळाभोवती वेगळा विषय निघाला. मुंबई-गोवा महामार्ग रुंद होतो आहे, मुंबईकरांना गावाकडे बंगले हवे आहेत आणि शेताला गुंठ्याचा भाव सांगणारे दलाल घरी येऊ लागले आहेत. आमच्याकडेही एक येऊन गेला. भाव ऐकून घरातले तरुण गप्प झाले. त्यांचे चुकते असे नाही. कुणाचे घराचे कर्ज आहे, कुणाच्या मुलीची फी आहे. जमीन आजोबांची. सातबाऱ्यावर वडिलांच्या वारसांबरोबर चाचांचे आणि फुफीचेही नाव आहे. दलाल सहज म्हणाला, ‘बहिणीकडून हक्कसोड करून घ्या, म्हणजे व्यवहार सोपा होईल.’

मुलीचा वाटा कुरआनने सूरह निसामध्ये ठरवून दिलेला आहे. तो सोडायला सांगण्याचा अधिकार दलालाला नाही आणि आम्हालाही नाही. म्हणून आम्ही फुफीलाच विचारले. ती शेंग सोलत होती. म्हणाली, “पैसे द्याल रे बाबा, घेईनही. पण मग मडकं कुठं लावायचं? तुमच्या गच्चीवर?”

कुणी हसले, कुणी मान खाली घातली. यंदा तरी शेत विकायचे नाही, एवढे ठरले. पुढच्या वर्षी पुन्हा विचार होईल. कर्जे खरी आहेत आणि भाव वाढतच जाणार, हेही आम्ही जाणतो.

1998 आणि 1999 साली नाताळची सुट्टी रमजानमध्ये आली होती. असरनंतर जाळ पेटवायचा आणि मगरिबच्या अजानला खजुरापाठोपाठ वाफाळत्या शेंगा. आमच्या पिढीला ते इफ्तार अजून आठवतात. चांद्रवर्षाच्या हिशेबाने 2030 च्या डिसेंबरअखेरीस रमजान पुन्हा त्या दिवसांत येईल. कोंबडी, मसाला, मडके तेव्हाही बाजारात मिळेल. खाचरात वाल, बांधावर भांबुर्डा आणि अर्धेलीने शेत करणारे शेजारी असतील की नाही, हे मात्र आमच्या सह्यांवर अवलंबून आहे. ज्यांच्या घरी दलाल अजून यायचा आहे, त्यांनी आधी एकदा बहिणींना शेतावर बोलवावे, मडके लावावे, आणि मग काय ते ठरवावे.