चार हजार दिरहॅमांची वेस

संयुक्त अरब अमिरातीत नोकरी करणाऱ्या माणसाला बायकोला आपल्याजवळ बोलावून घ्यायचं असेल, तर त्याचा पगार महिना चार हजार दिरहॅम हवा. नाहीतर तीन हजार, आणि वर राहायला घर. 2019 पर्यंत माणूस कोणतं काम करतो हेही बघत. अमुक हुद्द्याचा असेल तरच कुटुंब आणता येई. त्या वर्षापासून हुद्दा सोडून पगार धरला. रुपयांत चार हजार दिरहॅम म्हणजे नव्वद हजारांच्या वर. सिरोंच्यात महिन्याला नव्वद हजार घरी आणणारा माणूस शोधायला निघालात तर संध्याकाळ होईल. तिकडे मात्र तो बायकोसोबत राहण्याचा किमान दर आहे.

माझं माहेर बल्लारपूर, सासर सिरोंचा तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडे. गाव गडचिरोली जिल्ह्यात असलं तरी जिल्ह्याचं ठिकाण दोनशेहून जास्त किलोमीटरवर, आणि आलापल्लीपासून खालचा रस्ता तर विचारूच नका. पलीकडे तेलंगण. सासरी घरात तेलुगू, शाळेत आणि कचेरीत मराठी. नवऱ्याने अहेरीला आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन झाला आणि गडचिरोली-चंद्रपुरात काम शोधण्याऐवजी जगित्यालच्या मामांच्या मागे लागला. करीमनगर, जगित्याल, निजामाबाद या पट्ट्यात घरटी एखादा तरी आखातात असतो. तिथल्या पोरांना दुबई ऐकून माहीत असते, तसं आमच्याकडच्या पोरांना नागपूरही नसतं. मामांनी एजंट दाखवला, आणि नवरा दुबईच्या सोनापूर भागातल्या कामगारांच्या कॅम्पात जाऊन पडला. पगार बाराशे दिरहॅम, राहणं कंपनीचं, एका खोलीत एकावर एक पलंग.

आमचं लग्न 2022 च्या मे महिन्यात झालं. चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. मंडपात कूलर तीन होते आणि तिन्ही वऱ्हाडी मंडळींनी अडवलेले. रजा संपली, नवरा परत गेला. मी बल्लारपूरला एका इंग्रजी शाळेत शिकवत होते, ते चालू ठेवलं. सणावाराला सासरी जायचं. ‘कधी नेता मग हिले?’ हा प्रश्न दोन्ही घरांत विचारला जायचा, आणि मला वाटायचं की अडचण कागदांची आहे. पासपोर्ट काढू, दाखले काढू, शिक्के मारू, झालं. फोनवर नवरा काहीच बोलायचा नाही. बाराशे पगाराचा माणूस तिथे बायकोच्या व्हिसाचा अर्जच करू शकत नाही, हे त्याने मला पगार वाढल्यावर सांगितलं. आधी का नाही सांगितलं, म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘काय सांगणार? की मला परवडत नाहीस म्हणून?’

पगार वाढला तो कंपनी बदलल्यावर. शारजात देखभालीचं काम करणाऱ्या कंपनीत तो सुपरवायझर झाला. तिथेही एक मेख होती. हातात पडणारा पैसा चार हजारांच्या वर जायचा, पण त्यात ओव्हरटाइम होता. सरकारदरबारी करारावर लिहिलेला पगार धरतात, घाम गाळून मिळवलेला जादा पैसा नाही. मूळ पगार आणि भत्ते मिळून आकडा चार हजारांना टेकवून करार नव्याने करून घेण्यात त्याचे बरेच महिने गेले. कॅम्पातला पलंग म्हणजे कुटुंबाचं घर नव्हे, तेव्हा स्वतःच्या नावावर भाड्याची जागा हवी आणि तो करार तिथल्या नगरपालिकेत नोंदवलेला हवा. म्हणजे बायको येण्याआधी तिच्यासाठी रिकाम्या घराचं भाडं भरायचं. हे सगळं झालं तेव्हा कुठे माझ्याकडचे कागद सुरू झाले.

लग्नाची नोंद. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने विवाह नोंदणी होते, आणि खेड्यात हे काम ग्रामसेवकाकडे असतं. नमुना ‘ड’ भरून द्यायचा, लग्नपत्रिका, फोटो, वयाचे दाखले, तीन साक्षीदार. आम्ही नोंद केलेली नव्हती. आमच्याकडे कोण करतं? शेजारपाजारच्या पाड्यांवर माडिया जोडपी नातवंडांची झाली तरी लग्नाचा कागद नसतो, आणि त्यावाचून कोणाचं काही अडत नाही. ग्रामसेवक हसून म्हणाले, ‘लग्नात मी सोता जेवलो ना बाप्पा! पण माह्या जेवण्याले काही किंमत नाई, तीन साक्षीदार लागते.’ नवरा सुटीवर आला त्या मुदतीत हे उरकलं. नमुना ‘ई’ मधला दाखला हाती आला आणि मग खरा गोंधळ दिसला: नावांचा.

माझ्या दहावीच्या सनदेवर आडनाव आधी. आधार कार्डावर आडनाव शेवटी. सासरची पद्धत तेलुगू, तिथेही घराणं आधी, पण ते बऱ्याचदा नुसत्या एका अक्षरात. सासऱ्यांचं नाव ‘अय्या’ने संपतं. आमच्याकडच्या शाळेने ते इंग्रजीत लिहिताना शेवटी वाय-वाय-ए लिहिलं, आणि तेलंगणातल्या एजंटाने नवऱ्याचा पासपोर्ट काढताना त्यांच्या पद्धतीने आय-ए-एच. दाखल्यावर तिसरंच. तिकडे माणूस ओळखतात तो पासपोर्टवरच्या अक्षरांनी. एक अक्षर हललं की तो दुसरा माणूस. सगळ्यांनी सल्ला दिला की राजपत्रात नाव बदलून घे, लग्नानंतरचं नाव लाव, म्हणजे कटकट मिटेल. मी नाही बदललं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा पासपोर्टचा नियम नाही, आणि 2016 च्या डिसेंबरपासून पासपोर्टसाठी लग्नाचा दाखलाही मागत नाहीत. माहेरच्या नावाने पासपोर्ट काढला, दाखल्यावर लग्नाआधीचं नाव पासपोर्टबरहुकूम लिहून घेतलं, आणि नवऱ्याचं नाव त्याच्या पासपोर्टवर जसं आहे तसं, आय-ए-एचसकट. नवरा-बायकोचं आडनाव वेगळं असेल तर व्हिसा मिळत नाही असं ठासून सांगणारे आमच्या चौकात पुष्कळ होते. मिळतो. लग्न सिद्ध करायला दाखला असतो, आडनाव नसतं.

मग शिक्के. भारत 2005 मध्ये अपोस्टिलच्या करारात सामील झाला, म्हणजे त्या करारातल्या देशांसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का पुरतो. ओमान त्यात आहे, बहरीन आहे, सौदीही 2022 च्या अखेरीस आला. अमिराती नाही. म्हणून आमच्या गावच्या दाखल्याला लांबचा प्रवास: आधी इंग्रजी प्रत आणि नोटरी, मग मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, आणि शेवटी तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. वर अरबी भाषांतर, तेही त्यांच्याकडच्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराचं. एका कार्यालयातून कागद परत आला, कारण ग्रामसेवकाच्या सहीचा नमुना त्यांच्याकडे नव्हता आणि गोल शिक्का पुसट होता. बरोबरच आहे, ग्रामपंचायतीचं शाईचं पॅड उन्हाळ्यात वाळून दगड होतं. तालुक्याला जाऊन वरची सही आणली आणि कागद पुन्हा वाटेला लावला.

हे सगळं बाबांना मात्र चटकन कळलं. बाबा बल्लारपूरच्या वनविभागाच्या लाकूड आगारात होते. आलापल्लीच्या सागाचा ओंडका जंगलातून निघाला की त्याच्यावर हॅमर मारतात, सोबत वाहतूक पास असतो, आणि मग वाटेतल्या प्रत्येक तपासणी नाक्यावर पास बघून पुढे सोडतात. बाबा म्हणाले, ‘नाक्यावरचा माणूस झाड कुठं तोडलं ते पाहाले जाते का? तो मागच्याचा शिक्का पाहते, अन् आपला मारते.’ नेमकं तसंच होतं. मुंबईने ग्रामसेवकाची सही बघितली, दिल्लीने मुंबईची, वकिलातीने दिल्लीची. आमचं लग्न झालं की नाही हे कोणीच बघितलं नाही. परराष्ट्र मंत्रालय तर स्पष्टच सांगतं की कागदात काय लिहिलंय त्याची जबाबदारी आमची नाही. एवढ्या शिक्क्यांत लग्न प्रत्यक्ष बघितलेला माणूस एकच, आणि त्याच्या सहीवरच सगळ्यांचा संशय.

नागपूरच्या एजंटाने या सगळ्याचे जे पैसे घेतले ते ऐकून आईने कपाळाला हात लावला. पण मूळ दाखला कुरियरच्या पाकिटात टाकून अनोळखी माणसाच्या हवाली करताना पैशापेक्षा दुसरीच धाकधूक होते. दुसरी प्रत काढता येते, हे डोक्याला माहीत असतं.

पासपोर्टवरून एक गोष्ट आठवली, ती इथेच सांगून टाकते. माझ्या जावेचं शिक्षण सातवीपर्यंत. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं, म्हणजे आखातासकट अठरा देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारची परवानगी हवी. 1983 च्या उत्प्रवास कायद्यातली ही तरतूद, फसवणूक होऊ नये म्हणून केलेली. नवऱ्याकडे राहायला जाणाऱ्या बाईला ती आडवी यायचं कारण नाही, कारण ती नोकरीला जात नाही. पण जावेला कोणीतरी सांगितलं की सातवीवाल्या बाईला विमानतळावरूनच परत पाठवतात. ती घाबरून बसली ती बसलीच. खरं तर तिला अडवणारं काही वेगळंच आहे. दीर सौदीत, दम्मामला. तिथे 2017 पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दर महिन्याला शुल्क द्यावं लागतं. पहिल्या वर्षी शंभर रियाल, मग दरवर्षी शंभराने वाढत 2020 मध्ये चारशे. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिना बाराशे रियाल, भाडं-किराणा सोडून. ज्यांनी आधी कुटुंबं नेली होती त्यांच्यातल्या पुष्कळांनीसुद्धा ती परत पाठवली. दिराचा सगळा पगारच त्याच्या आसपासचा.

माझा प्रवेश परवाना फोनवर पीडीएफ म्हणून आला. नागपूरहून शारजाला थेट विमान आहे, त्यामुळे मुंबई-हैदराबाद करावं लागलं नाही. सासूबाईंनी आंब्याचं लोणचं आणि सिरोंच्याची लाल मिरची बांधून दिली. तिथे उतरल्यावर रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, मग ओळखपत्र. दोन वर्षांचा निवास व्हिसा. तो नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला आहे: त्याची नोकरी गेली की माझंही राहणं गेलं. आणि सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिले तर तो आपोआप बाद होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची साधी गोष्ट. आता त्यासाठी आई कॅलेंडर घेऊन बसते आणि सातवा महिना ते सव्वा महिना असा हिशेब जमवते. तो बसतो.

आम्ही राहतो ती जागा स्टुडिओ आहे, म्हणजे एकच खोली, आणि अर्ध्याहून थोडा कमी पगार तिच्यातच जातो. पूर्वी नवरा गावी जेवढे पैसे पाठवायचा तेवढे आता पाठवता येत नाहीत. सासरे काही बोलत नाहीत, पण घराच्या स्लॅबचं काम थांबलंय ते थांबलंय. मी इथल्या एका शाळेत काम बघते आहे. नवऱ्याच्या व्हिसावर राहून बायकोला नोकरी करता येते, वेगळा परवाना काढावा लागतो. माझ्या पदवीच्या कागदालाही तेच सगळे शिक्के लागणार, म्हणून बाबा पुन्हा त्या एजंटाच्या मागे आहेत.

नवऱ्याच्या जुन्या कॅम्पातले लोक अधूनमधून जेवायला येतात. कोणाच्या लग्नाला दहा वर्षं झालीत, कोणाच्या पंधरा, आणि बायकोसोबत सलग राहिलेला काळ सुट्या जोडून दीड-दोन वर्षांचा. त्यांना ना ग्रामसेवकाच्या सहीची अडचण आली, ना स्पेलिंगची. त्या अडचणींपर्यंत ते पोचलेच नाहीत. मी शिक्क्यांच्या गोष्टी रंगवून सांगते, तेव्हा ते हसतात, आणि मला वाटतं की मी तक्रार म्हणून जे सांगते आहे ते यांच्या लेखी श्रीमंतीचं वर्णन आहे. कुटुंब कोणाला सोबत ठेवता येईल हे देशाने पगारावरून ठरवायचं, आणि त्याच देशाचे टॉवर बांधायला मात्र एकटीच माणसं बोलवायची, हे मला पटत नाही. ब्रिटननेही 2024 च्या मार्चपासून वृद्धांची सेवा करायला येणाऱ्या नव्या काळजीवाहकांना कुटुंब आणायची बंदी केली. दुसऱ्यांच्या आईवडिलांना सांभाळा, तुमची माणसं तिकडेच ठेवा.

गावाकडून आता बायकांचे फोन येतात. कोणते कागद लागतात, किती पैसे लागतात. मी आधी विचारते, नवऱ्याच्या करारावर पगार किती लिहिलाय. तो आकडा बहुतेकींना माहीत नसतो. घरी किती येतात तेवढंच माहीत असतं. परवा नवऱ्याच्या मित्राच्या बायकोचा फोन होता. तो अबूधाबीजवळ मुसाफ्फात वेल्डर आहे, पंधराशे दिरहॅम. निवास व्हिसाचा विषयच नाही. तिला टुरिस्ट व्हिसाबद्दल सांगितलं: तीस दिवसांचा मिळतो, साठ दिवसांचाही मिळतो, लग्नाचा दाखला-शिक्के काही नको, पण कॅम्पात बायांना राहू देत नाहीत, तेव्हा जागेचं बघावं लागेल. मिरचीचा तोडा आटोपला की येते म्हणाली. जागेचं आम्ही बघितलंय. आमच्या खोलीत मधोमध पडदा लावता येतो. तिच्या नवऱ्याला सुटी रविवारचीच, तेव्हा तो शनिवारी रात्री बसने येईल. बाकीचे सहा दिवस ती माझ्याजवळ.